जिंकत आलेली मॅच हातची गेली: चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न फुटबॉल बघणाऱ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. बहुतेक मॅच संपल्यावर तासाभरात लिहिलेले, काही मात्र कित्येक वर्षांनी. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगावी लागणार नाही. आत्ताच मॅच हरून आला असाल तर थेट प्रश्न ५ वर जा, बाकीचं उद्या वाचा.

१. एक मॅचच तर हरलो. मग एवढं जिव्हारी का लागतंय?

साध्या पराभवात जे मिळालं नाही त्याचं वाईट वाटतं. आघाडी घेऊन कोसळलेल्या मॅचमध्ये मनाने ते घेऊन झालेलं असतं, आणि मग ते परत द्यावं लागतं. हातातोंडाशी आलेला घास जातो तेव्हाची कळ वेगळीच असते.

२५ मे २००५, इस्तंबूल, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. मी मिलानची चाहती. पहिल्याच मिनिटाला मालदिनीचा गोल, मग क्रेस्पोचे दोन. मध्यंतराला ३-०. धाकटा भाऊ उठला आणि म्हणाला, "ताई, मी झोपतो. आता काय राहिलंय?" ५४व्या, ५६व्या आणि ६०व्या मिनिटाला लिव्हरपूलने तीन गोल केले आणि शेवटी मिलान पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. सकाळी तो डोळे चोळत, हसत बाहेर आला. "किती झाले शेवटी? चार?" मला तोंड उघडवेना. रात्रभर तो जिंकलेल्या संघाचा चाहता म्हणून झोपला होता, आणि त्याच्याकडून ते काढून घ्यायचं काम माझ्यावर आलं होतं. मला स्वतःला जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या क्षणी लागलं.

हे मोजायचाही प्रयत्न झाला आहे. ससेक्स विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, लोक दिवसभरात मोबाइलवर आपला मूड नोंदवतात त्या नोंदी फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिल्या. २०१८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की हरल्यानंतरचं दुःख जिंकल्यानंतरच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असतं. तेव्हा तुम्ही हळवे आहात असं नाही. हा हिशोब चाहत्यांच्या बाजूचा कधीच नसतो.

२. कोसळणं नेमकं कशाला म्हणायचं? ०-३ ने हरलो तर तेही कोसळणंच ना?

नाही. सुरुवातीपासून मागे राहून हरणं म्हणजे हरणंच. कोसळायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, निदान तशी खात्री तरी. ते एका मॅचमध्ये घडतं, जसं इस्तंबूलला. दोन लेगच्या (एक मॅच आपल्या मैदानावर, एक समोरच्याच्या) लढतीत घडतं: पॅरिसच्या पीएसजी क्लबने २०१७ मध्ये बार्सिलोनाला घरच्या मैदानावर ४-० हरवलं आणि परतीच्या लेगला १-६ मार खाल्ला. आणि अख्ख्या मोसमात घडतं. १९९६ च्या जानेवारीत इंग्लंडच्या लीगमध्ये न्यूकॅसल १२ गुणांनी पुढे होतं, लीग मात्र मँचेस्टर युनायटेडने नेली.

माझ्या मते तिसरा प्रकार सर्वांत वाईट. त्यात बोट ठेवावं असं एक मिनिटच सापडत नाही. आठवड्यामागून आठवडे वाळू निसटत राहते.

३. एवढे मोठे खेळाडू दहा मिनिटांत खेळ विसरतात कसे?

खेळ विसरत नाहीत, एकमेकांना विसरतात. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंतेचं मिनेराव स्टेडियम, वर्ल्ड कपची सेमीफायनल. ब्राझीलचा नेमार जखमी होऊन बाहेर, कर्णधार थियागो सिल्वावर एका मॅचची बंदी. ११व्या मिनिटाला जर्मनीचा पहिला गोल झाला. तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. मग २३व्या ते २९व्या मिनिटादरम्यान चार गोल. मॅच १-७ संपली.

त्या सहा मिनिटांत ब्राझीलचे खेळाडू उभे कुठे आहेत ते बघा. गोल खाल्ला की प्रत्येकाला तो स्वतः, ताबडतोब फेडायचा असतो. बचावपटू पुढे धावतात, मिडफिल्डमधले त्यांच्याही पुढे, आणि मधे मोकळं रान तयार होतं. प्रतिस्पर्ध्याला तेवढंच हवं असतं. बास्केटबॉलसारखा टाइमआउट फुटबॉलमध्ये मिळत नाही. कोचने बाजूच्या रेषेवरून कितीही ओरडलं तरी तेवढ्या गोंगाटात लांबच्या बचावपटूला ऐकू येत नाही. अशा वेळी एकाने तरी बॉल पायाखाली दाबून खेळ थंड करायला हवा, थ्रो-इन घ्यायला वेळ लावायला हवा, सगळ्यांना आपापल्या जागी परत पाठवायला हवं. तो माणूस त्या दिवशी मैदानात नसला की घर पडायला वेळ लागत नाही.

दुसरी तऱ्हा याच्या उलटी: आघाडी राखण्यासाठी मागे मागे सरकणं. २६ मे १९९९ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून पुढे होतं. त्यांचा एक फटका पोस्टला लागला, एक क्रॉसबारला. ८०व्या मिनिटाला त्यांचा अनुभवी माटेउस बाहेर आला. इंज्युरी टाइममध्ये (९० मिनिटांनंतर, वाया गेलेल्या वेळेबद्दल मिळणाऱ्या मिनिटांत) मँचेस्टर युनायटेडला दोन कॉर्नर मिळाले आणि दोन्हींवर गोल झाले. पीएसजीचंही तेच. बार्सिलोनाला शेवटी तीन गोल हवे होते. ते ८८व्या मिनिटापासून इंज्युरी टाइमच्या पाचव्या मिनिटापर्यंत झाले, कारण पीएसजीचा सगळा संघ स्वतःच्याच गोलपुढे येऊन उभा होता. मागे सरकलं की बॉल दूर मारता येतो, पण तो लगेच परत येतो, आणि दर फेरीला पाय थोडे जास्त जड होतात.

४. २-० ही सर्वांत धोक्याची आघाडी असते म्हणे. खरं का?

नाही. दोन गोलांनी पुढे असलेले संघ बहुतेक वेळा आरामात जिंकतात आणि त्या मॅच कोणाच्या लक्षात राहत नाहीत. घात झालेल्या मॅच मात्र जन्मभर आठवतात. एक गोल परत झाल्यावर खेळाडू बिथरतात हे खरं, पण ते प्रश्न ३ मध्ये आलंच आहे.

५. मॅच आत्ताच संपलीय. पुढचे दोन तास काय करू?

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. या दोन तासांत लिहिलेलं एकही वाक्य उद्या तुम्हाला स्वतःचं वाटणार नाही. चेहऱ्यावर गार पाणी मारा, चपला घाला, चालून या. स्टेडियममधून किंवा मित्राच्या घरून निघत असाल तर लगेच गाडी चालवू नका. दारू त्या रात्री नकोच.

आणि घरच्यांबद्दल स्पष्टच लिहिते. इंग्लंडमधल्या लँकशायर पोलिसांच्या २००२, २००६ आणि २०१० च्या वर्ल्ड कपमधल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. जिंकलं किंवा बरोबरी झाली त्या दिवशीही २६ टक्क्यांनी. आपला आवाज चढतोय, हात थरथरतायत असं जाणवलं तर वाद तिथेच टाका आणि घराबाहेर पडा. संघावरचं प्रेम कितीही खरं असो, त्याची किंमत घरातल्या माणसाने मोजायची नाही.

६. "मॅचच तर होती" म्हणणाऱ्याला काय सांगू?

फार काही नको. "मला वाईट वाटतंय, थोडा वेळ दे" एवढं पुरतं. तो बहुधा तुमची समजूत घालायला बघतो, फक्त त्याला शब्द सापडत नाहीत. फुटबॉल का महत्त्वाचा हे हरल्याच्या रात्री पटवून द्यायला जाऊ नका.

७. मी मैदानात नव्हतो, तरी "आपण हरलो" म्हणतो. हे बालिश आहे का?

अजिबात नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. कॉलेजचा संघ जिंकला की विद्यार्थी "आपण जिंकलो" म्हणत, सोमवारी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालत. हरल्यावर तोंडी "ते हरले" यायचं. तो खेळ अमेरिकी फुटबॉल होता, पण स्वभाव तोच. जिंकल्यावर 'आपण' म्हणणारे भरपूर. १-७ नंतरही 'आपण' म्हणता, म्हणजे तुमचं नातं सोयीचं नाही, खरं आहे.

८. दुसऱ्या हाफला मी जागा बदलली आणि गोल खाल्ले. माझ्यामुळे हरलो का?

नाही. असे ठोकताळे आपल्याला हवेसे वाटतात, कारण काहीच हातात नसताना काहीतरी हातात आहे असं त्यांच्यामुळे वाटतं. पुढच्या वेळी नेहमीच्या जागी बसा, त्यात काही वाईट नाही. पण दोष स्वतःवर घेऊ नका.

९. ती मॅच पुन्हा बघावी का?

बघा, पण पहिले दोन आठवडे नको. आणि बघाल तेव्हा पूर्ण बघा. हायलाइट्स फार क्रूर असतात. त्यात तुमचा संघ फक्त गोल खाताना दिसतो.

इस्तंबूलची मॅच मी कित्येक महिने टाळली. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ३-३ झाल्यावर मिलानचं अवसान गळालं, त्यांनी हाय खाल्ली. शेवटी पूर्ण बघितली तेव्हा कळलं की तसं झालंच नव्हतं. एक्स्ट्रा टाइम संपता संपता मिलानच्या शेवचेंकोने अगदी जवळून हेडर मारला. लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकने तो अडवला, बॉल परत शेवचेंकोकडेच आला, त्याने गोलपासून दोन पावलांवरून जोरात मारला, आणि जमिनीवरून उठणाऱ्या डुडेकच्या हाताला लागून बॉल बारवरून गेला. मी ती दहा सेकंदं थांबवून थांबवून बघितली. डुडेकचा तो हात ठरवून तिथे आला असं मला आजही म्हणवत नाही. आपले लोक शेवटपर्यंत लढत होते आणि मी इतके दिवस मनातल्या मनात त्यांना भित्रे म्हणत होते, याची मला लाज वाटली. पराभव तोच राहिला, पण मनातलं किल्मिष गेलं.

१०. ज्याच्या चुकीमुळे हरलो त्या खेळाडूला माफ कसं करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मलाही त्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे.

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना. वर्ल्ड कप जिंकायला ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. ४७व्या मिनिटाला फ्रियासाने गोल करून आघाडी दिली. ६६व्या मिनिटाला उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला त्यांच्याच घिज्जियाने ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा आणि जवळचा पोस्ट यांच्या फटीतून बॉल आत घातला. आधीचा गोल घिज्जियाच्या क्रॉसवर झाला होता, म्हणून बार्बोसाने क्रॉसच्या अंदाजाने एक पाऊल पुढे टाकलं होतं. विचार करून टाकलेलं पाऊल होतं ते. खापर मात्र त्याच्यावर फुटलं आणि २००० साली तो वारला तोपर्यंत त्याच्या डोक्यावर राहिलं. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, अशा अर्थाचं तो म्हातारपणी बोलला. मधल्या काळात ब्राझीलने चार वर्ल्ड कप जिंकले. त्यातल्या एकानेही त्याची सुटका केली नाही.

कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारने १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल केला. दहा दिवसांनी मेदेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. २०२१ मध्ये युरोच्या फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या, आणि त्याच रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. पेनल्टी घ्यायला पुढे येणं हेच त्या वयात केवढं धाडस आहे!

तुम्ही म्हणाल, मी फक्त दोन ओळी लिहिल्या. शिव्या देणारा प्रत्येक जण फक्त दोनच ओळी लिहितो. मी स्वतःला एक अट घातली आहे: तो खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन बसला आहे आणि मी त्याच्यासमोर उभी आहे, असं डोळ्यांपुढे आणायचं. तिथे जे तोंडातून निघेल तेवढंच लिहायचं. "तू क्रॉसवर फार पुढे आलास" हे निघेल. बाकीचं निघत नाही.

११. मग कोचवर तरी राग काढावा का?

त्याच्या निर्णयांवर जरूर बोला, ते त्याचं कामच आहे. बदली खेळाडू कधी उतरवले, संघ मागे का सरकला, हे विचारायलाच हवं (प्रश्न ३). पण त्याला काढायलाच हवं हे मत आठवड्यानंतर द्या. प्रश्न १० मधली अट इथेही लागू.

१२. प्रतिस्पर्धी संघाचे मित्र चिडवून जीव नकोसा करतायत.

जवळच्या मित्राला दोन दिवस चिडवू द्या. तुम्हीही कधीतरी चिडवलं असेलच. जुने हिशोब काढत बसलात तर चिडवणं वाढतं. "हो, हरलो, वाईट हरलो" असं सरळ म्हटलं की समोरच्याचा दारूगोळा संपतो. पण कोणी घरच्यांवर, जातीवर, रंगावर घसरला तर ती थट्टा नव्हे. तिथे बोलणं बंद करा.

१३. आठ वर्षांची मुलगी रडून रडून झोपली. सकाळी तिला काय सांगू?

"पुढच्या वेळी नक्की जिंकू" एवढं मात्र सांगू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि पुन्हा हरल्यावर तिचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल. तिला विचारा, सर्वांत वाईट कधी वाटलं? मग सर्वांत मजा कधी आली होती, तेही विचारा. बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ बोलतात. तुम्हाला रडू आलं असेल तर लपवू नका. शाळेत जर्सी घालून जायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

१४. आमच्याकडे दरवर्षी हेच होतं. आता आघाडी घेतली तरी भीतीच वाटते. काय करू?

बार्सिलोनाच्या चाहत्यांना विचारा. चॅम्पियन्स लीगमध्ये २०१८ साली पहिला लेग ४-१ जिंकून रोममध्ये ०-३, आणि एकूण गोल बरोबरीत असले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे, या तेव्हाच्या नियमाने बाहेर. २०१९ मध्ये पहिला लेग ३-० जिंकून लिव्हरपूलमध्ये ०-४. २०२० मध्ये लिस्बनला बायर्नकडून २-८. तिसऱ्या वेळेला तर आधीच्या दोन जखमाही पुन्हा उघड्या पडल्या.

ही भीती अनुभवातून आलेली आहे, तिला वेडेपणा म्हणू नका. पण एक लक्षात घ्या: खेळाडू बदलतात, कोच बदलतो, आठवण मात्र चाहत्याकडेच राहते. आजचा डावा बचावपटू त्या रात्री कदाचित शाळेत होता. भीती फार वाढली तर मॅच एकट्याने बघू नका. शेजारी कोणी असलं की शेवटची दहा मिनिटं निभतात.

१५. संघ सोडून दुसरा धरला तर ती गद्दारी?

तुम्हाला कोणी अडवणार नाही. पण असा निर्णय हरल्याच्या आठवड्यात घेऊ नका. मोसम संपू द्या. तोवर ओढ राहिली नसेल तर खरंच संपलं आहे. माझा अंदाज, राहील.

१६. आमचा संघ कोसळला, तरी शेवटी जिंकला. मग अजून छातीत धडधड का?

कारण धक्का खराच होता. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अर्जेंटिना ७९व्या मिनिटापर्यंत २-० पुढे होती. फ्रान्सच्या एम्बापेने ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला गोल करून बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइममध्ये पुन्हा आघाडी, पुन्हा बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. त्याआधी नेदरलँड्सविरुद्धही त्यांची २-० ची आघाडी इंज्युरी टाइममध्ये गेली होती. कप मिळाला तरी ते क्षण अंगातून लगेच जात नाहीत. आनंद साजरा करा, थरकाप मागाहून ओसरेल.

१७. हरताना समोरच्या संघाचं कौतुक वाटलं. मी खोटा चाहता आहे का?

नाही. मिनेरावमध्ये शेवटी शेवटी ब्राझीलच्याच प्रेक्षकांनी जर्मनीसाठी टाळ्या वाजवल्या. त्यात संघावरचा रागही होता, पण समोर जे चाललं होतं ते सुंदर होतं आणि त्यांना फुटबॉल कळत होता.

१८. बरेच दिवस झाले, झोप नाही, छातीत जड वाटतं. हे मॅचमुळेच असेल का?

छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता डॉक्टर गाठा. ३० जून १९९८ ला इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं होतं. म्युनिकच्या डॉक्टरांना २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये, जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी अडीच पटींहून जास्त आढळल्या. आधीपासून हृदयविकार असेल तर मोठ्या मॅचच्या आधी औषधं चुकवू नका.

झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांनंतरही ताळ्यावर येत नसेल, किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर मॅच हे निमित्त आहे, आत काहीतरी आधीपासून दुखतंय. जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. पैज लावून पैसे घालवले असतील तर तेही त्याच माणसाला सांगा. ते परत मिळवायला दुसरी पैज लावू नका.

१९. याची भरपाई कधी होते का?

काहींची होते. १९९९ चं बायर्न २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकलं. स्पेनच्या देपोर्तिवोची लीग १९९४ मध्ये शेवटच्या मिनिटाच्या हुकलेल्या पेनल्टीने गेली, ती २००० मध्ये मिळाली. पीएसजीला २०२५ पर्यंत थांबावं लागलं, पण मग फायनल ५-० जिंकली. मिनेरावची भरपाई ब्राझीलला काय जिंकून मिळेल ते मला सांगता येणार नाही.

मिलानला दोनच वर्षांत संधी मिळाली. २३ मे २००७, अथेन्स, समोर पुन्हा लिव्हरपूल. मध्यंतराला आम्ही १-० पुढे होतो. मी भावाला म्हटलं, "झोपतोस का?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ८२व्या मिनिटाला इन्झागीचा दुसरा गोल झाला तरी तो टाळी वाजवेना. ८९व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कौटने एक परत केला, तेव्हा तो उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. शिट्टी वाजली. मालदिनीने कप उचलला, मैदानात कागदाचे तुकडे उडत होते, आणि तो तसाच उभा. "ताई," म्हणाला, "नक्की संपली ना?"